हळदी कानटोपी

“दहा वाजता, खाली. पारव्यांच्या मागं आहे,” कुमुद म्हणाली.

मी लेन्स डावीकडे फिरवली. दरीतला धुरकट उतार दिसला, एक वाळकं झाड दिसलं, परत उतार. ससाणा कुठंच नव्हता.

“कुठं दहा?”

“आता नऊ झाले. गेला की तो.”

“आधी सांगायचं.”

“आधीच सांगितलं होतं,” ती म्हणाली, आणि माझ्या पाठीमागं थर्मासचं झाकण फिरवल्याचा आवाज आला. वाद संपवायची तिची ही रीत होती.

ही घड्याळाची भाषा आम्हा पक्षिवाल्यांची जुनी. समोरचा सुळका म्हणजे बारा. त्याच्या डावीकडे अकरा, दहा, नऊ आणि उजवीकडे एक, दोन, तीन. मोठ्या लेन्सला डोळा लावला की आभाळाचा तळहाताएवढा तुकडा दिसतो, आणि शाहीन ससाण्यासारखा पक्षी त्या तुकड्यातून कधी आला आणि कधी गेला ते कळतही नाही. म्हणून माणसं दोन लागतात. एकानं नुसत्या डोळ्यांनी बघायचं आणि पक्षी सरकेल तसे वाजले किती ते सांगत राहायचं. दुसऱ्यानं त्या हाकेवर लेन्स फिरवायची आणि बटण दाबायचं. हाक देणाऱ्यानं मध्ये थांबायचं नाही, हा नियम. आमच्या घरात हाक देणारी कुमुद होती आणि बटण दाबणारा मी, भालचंद्र निकम, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम सातारा.

मी फक्त शिकारी पक्ष्यांचे, तेही उडतानाचे फोटो काढत असे. फांदीवर बसलेला बुलबुल टिपण्यात काय मोठेपणा, ते घरी बसल्या बायकाही करतील, असं मी चारचौघांत बोलून दाखवायचो. कुमुद त्या चारचौघांत असली तरी बोलायचो. नवीन कॅमेरा घेतला तेव्हा जुना मी तिला देऊन टाकला, कपाटात पडून लेन्सला बुरशी लागायची त्यापेक्षा बरा म्हणून. त्यावर ती फुलं काढायची, फुलपाखरं काढायची. मी कधी बघितली, कधी नाही.

आमच्या पक्षिमंडळाचं दरवर्षी फेब्रुवारीत वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरतं. त्या हॉलची मधली भिंत ही सगळ्यांत मानाची. त्या भिंतीवर वर्षातला सर्वांत चांगला एकच फोटो लावतात, मोठा करून. पूर्वी ती भिंत जवळजवळ माझ्या नावावर असल्यासारखी होती. नंतर मात्र सलग दोन वर्षं मी कोपऱ्यात गेलो. त्याचं कारण मला ठाऊक होतं आणि मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. माझा उजवा हात थरथरू लागला होता. सही करताना, वरणाची वाटी उचलताना, आणि नेमकं बटणावर बोट ठेवलं की. लोकांत असलो की मी तो खिशात ठेवून द्यायचो. कुमुदला कळलं नसेल अशी माझी समजूत होती.

आयुष्यात शाहीनचा सूर मला एकदा टिपायचा होता. हा पक्षी आभाळात ठिपक्याएवढा होईपर्यंत चढतो, तिथून पंख मिटून पारव्यावर दगडासारखा खाली येतो. बसलेला शाहीन माझ्याकडे होता, उडणारा होता, पण सूर मारतानाचा नव्हता. त्या जानेवारीत आम्ही भैरवकड्यावर चकरा मारत होतो, आणि माझ्या प्रत्येक फोटोत एक तर रिकामं आभाळ येत होतं नाहीतर राखाडी फराटा.

त्या दिवशी चढताना मी कुमुदला म्हटलं, “या हंगामात नाही मिळाला तर कॅमेरा विकून टाकतो. मंडळातल्या शेवाळ्यांच्या पुतण्याला हवाच आहे.”

ती बुटाची नाडी बांधायला खाली बसली होती. “मग सकाळचं काय करणार तुम्ही?”

“पेपर वाचीन.”

“आणि मी?”

“तुला काय? सुटलीस तू. पहाटे उठायला नको, चढायला नको.”

तिनं नाडी बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली. मग पुढं चालू लागली.

कड्यावर आमच्या जागा ठरलेल्या होत्या. मी अगदी टोकाच्या सपाट खडकावर, पुढं सरळ दरी. ती माझ्या मागं, जरा उंचावरच्या कपारीत, पिशवी मांडीशी घेऊन. तिथून तिला सगळी दरी दिसायची. थंडी मरणाची होती. मी तिनं विणलेली कानटोपी घातली होती. हळदीच्या रंगाची, वर काळा गोंडा. लोकर उरली होती म्हणून तिनं विणली आणि मी रोज कुरकुरत घालायचो, की बाई, पक्ष्यांच्या नजरेत भरू नये म्हणून लोक मातकट कपडे घालतात आणि तू मला खंडोबाचा भक्त करून पाठवतेस. “कान तर झाकतायत ना?” एवढंच ती म्हणायची.

नऊवर गेलेला ससाणा बराच वेळ परत आला नाही. पारवे कड्याच्या पोटातून सुटून दरीवर एक फेरी मारायचे आणि परत कपारीत शिरायचे. मग कुमुदचा आवाज आला.

“अकरा. वर. फार वर बघा.”

मी लेन्स उचलली. “दिसत नाही.”

“अकराच. ठिपका आहे. थांबलाय.” मग एकदम हलक्या आवाजात, “मिटले पंख.”

पुढची हाक आलीच नाही. बारा नाही, एक नाही, खाली नाही. मी अंदाजानं लेन्स खाली ओढत बटण दाबून धरलं. नवं कापड टरकावं तसा आवाज दरीतून गेला. डोळा काढून बघतो तर हवेत पिसं तरंगत होती आणि ससाणा पारव्याला पायात धरून कड्याकडे निघाला होता.

“मिळाला?” तिनं विचारलं.

“कसा मिळणार? मध्येच गप्प का झालीस तू?”

“खोकला आला.”

“खोकल्याला हीच वेळ सापडली होय?”

थर्मासच्या झाकणात तिनं मला चहा दिला. अर्धाच. ती मला नेहमी अर्धाच चहा द्यायची, आणि साखरेच्या दुखण्यामुळं माझ्यावर नजर ठेवते म्हणून मी मनातून तिच्यावर चिडायचो. त्या दिवशी तर मी तिच्याशी गाडीत बसेपर्यंत बोललो नाही.

घरी आल्यावर फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचं काम तिचं. माझ्या हाताखाली तो माउस उड्या मारायचा, म्हणून मी ते काम कंटाळवाणं आहे असं सांगून तिच्या गळ्यात घातलं होतं. मी अंघोळ करून बाहेर आलो तरी ती त्याच्यासमोर बसलेली.

“अहो, इकडं या जरा.”

पडद्यावर शाहीन होता. पंख अंगाला घट्ट मिटलेले, मान किंचित कललेली, डोळ्यात उजेडाचा कण. त्याच्या खाली हातभर अंतरावर पारवा, अजून काहीच न कळलेला. मागं दरीचा निळसर उतार. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो.

“हा माझ्यातला?”

“मग कुणाचा? एवढ्या सगळ्यांत हा एकच सापडला.”

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, लहान पोरासारखं आलं. हात गेला, नजर गेली, आता आपण संपलो असं दोन वर्षं मनाशी घोकत होतो आणि हा पक्षी माझ्याच बटणाखालून निघाला होता. मी लगेच आमच्या मंडळाचे अध्यक्ष शेवाळे यांना फोन लावला. मग स्वतः जाऊन जिलबी आणली आणि कुमुदच्या देखत खाल्ली.

“कॅमेरा काही विकत नाही आपण,” मी जाहीर केलं. “आता मादी टिपायची. अंडी घालायच्या आत.”

“मग जाऊ की. रविवारीच जाऊ,” ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मला गंमत वाटली.

मधली भिंत मिळाली. शेवाळ्यांनी मोठा करून छापायला मूळ फोटो मागितला आणि कुमुदनं तो पाठवला. प्रदर्शनाच्या दिवशी मी ठेवणीतला कोट काढला. कुमुदनं निळी इरकल नेसली होती आणि हातात तीच कड्यावरची पिशवी, थर्मास घातलेली. मी म्हटलं, “अगं, समारंभाला कुणी थर्मास आणतं का?” ती म्हणाली, “तिथला चहा गोडमिट्ट असतो. असू दे.”

हॉल भरला होता. भिंतीवरचा शाहीन दारातूनच अंगावर येत होता. त्याच्याखाली पांढऱ्या पुठ्ठ्यावर छापलं होतं: शाहीन ससाणा, भैरवकडा. छायाचित्र: भालचंद्र निकम. शेवाळ्यांनी मला शाल दिली आणि दोन शब्द बोलायला लावलं. मी दोनावर कुठला थांबतोय. उजवा हात खिशात घालून मी पक्ष्याचा वेग सांगितला, कड्यावरचा वारा सांगितला, तपश्चर्या हा शब्द वापरला. शेवटी कुमुदकडे बघून म्हणालो, “आणि या फोटोतलं निम्मं श्रेय आमच्या सौभाग्यवतींच्या थर्मासला. पक्षी बघून त्यांना खोकला येतो, पण चहा मात्र वेळेवर येतो.”

लोक हसले. पहिल्या रांगेत बसलेली कुमुदही हसली. ते हसू मला आजही दिसतं.

नंतर लोक फोटोभोवती जमले. कुणी विचारलं, साहेब, हे साधलं कसं? मी फोटोकडे पाठ करून समजावून देऊ लागलो. श्वास रोखायचा. मनगट सैल ठेवायचं. पक्ष्याकडे न बघता तो जिथं पोचणार तिथं बघायचं. हे सगळं मी मोठ्या आवाजात सांगत होतो, आणि कुमुद तीन हातांवर शेवाळ्यांच्या बायकोशी बोलत बसली होती.

गर्दीत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या कदमबाई होत्या. त्यांनी फोटोच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “निकमसाहेब, हे पिवळं काय आहे?”

मी मान वळवून ओझरतं बघितलं. पिवळ्या रंगाचा एक पुसट गोळा होता. फोटोत अगदी पुढं काही आलं की ते असंच विरघळल्यासारखं दिसतं. “सोनकी,” मी सांगितलं. “कड्याच्या काठावर असते ना, ती आलीय मध्ये.”

“सोनकी? जानेवारीत?” त्या म्हणाल्या.

“राहते एखादी चुकार,” शेवाळ्यांनी मला सावरून घेतलं आणि विषय पुढं गेला.

माझा मात्र गेला नाही. सोनकी गणपतीच्या सुमाराला फुलते आणि दिवाळीपर्यंत वाळून जाते, हे मी सहलीला येणाऱ्या पोरांना स्वतः सांगत आलो आहे. शिवाय मी बसलो होतो तो खडक टोकाचा. माझ्यापुढं गवताचं पातंसुद्धा नव्हतं, नुसती हवा होती. मग माझ्या आणि पक्ष्याच्या मध्ये काय येणार? मी चष्मा काढून पुसला आणि फोटोजवळ गेलो. घरच्या पडद्यावर मी हा फोटो कितीतरी वेळा बघितला होता. त्यात हा कोपरा नव्हताच. गोळा हळदीच्या रंगाचा होता. त्याच्या वरच्या कडेला एक काळा ठिपका होता, गोंड्याएवढा.

स्वतःच्या टोपीच्या मागं बसून कुणाला फोटो काढता येत नाही.

शाल अंगावर होती ती काढून टाकावीशी वाटली आणि तेवढंही धैर्य होईना. आजूबाजूची माणसं अजून माझ्याकडे कौतुकानं बघत होती. तपश्चर्या. मनगट सैल. मी एकेक शब्द आठवत होतो. त्या वेळी कुणी मला हॉलच्या मागच्या दारानं बाहेर काढलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते.

मी कुमुदजवळ जाऊन बसलो. शेवाळ्यांच्या बायकोला कुणीतरी हाक मारली म्हणून ती उठून गेली होती.

“कुमुद, त्या दिवशी तू मध्येच गप्प का झालीस?”

“सांगितलं की. खोकला.”

“माझी कानटोपी आलीय फोटोत.”

तिनं भिंतीकडे बघितलं. इतक्या लांबूनही ती पिवळी खूण आता मला दिसत होती, तिलाही दिसली असावी. तिनं पदर तोंडाशी नेला.

“मी कापली होती ती,” ती हळूच म्हणाली. “घरातल्या फोटोत कापली होती. शेवाळेभावजींनी मूळचा मागितला, मी तसाच धाडला. डोक्यातच आलं नाही.”

“म्हणजे तू मला फसवलंस.”

“हो.”

“कीव आली माझी? हात कापतो म्हणून?”

“हात कापतो ते दोन वर्षं बघतेय मी. चहा अर्धा देते तो कशासाठी? सांडला की तुम्हाला वाईट वाटतं.”

मी खिशातल्या हाताची मूठ केली. इतके दिवस मी लपवत होतो आणि ती माझं लपवणं सांभाळत होती.

“मग कीवच झाली की ही,” मी म्हणालो.

“नाही हो.” ती थर्मासच्या पट्ट्याशी चाळा करत होती. “तुम्ही कॅमेरा विकतो म्हणालात. मग मला कड्यावर कोण नेणार होतं? मी एकटी पहाटे उठून डोंगरात जाते म्हटलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतं? मला तिथं जायचं असतं. मला तो पक्षी बघायचा असतो. तुम्ही सोडलंत तर माझंही सुटणार होतं. म्हणून दिला फोटो. एक फोटो गेला तर गेला.”

तीस वर्षं ती जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढत होती. सुई टोचलेली कळत नाही म्हणून माणसं निकमबाईंच्याच रांगेत उभी राहायची. एवढा स्थिर हात माझ्या मागं कपारीत बसलेला असायचा आणि मी त्याच्याकडून चहा घ्यायचो. ती माझ्यासाठी कड्यावर येते, असं मी धरून चाललो होतो. “आणि मी?” असं तिनं विचारलं होतं, आणि मी तिला सुटलीस म्हणालो होतो. हात कापल्याची लाज वाटत होती, ती या लाजेपुढं काहीच नव्हती.

मी उठलो.

“बसा की. कुठं निघालात?”

“पेन आहे का तुझ्याकडे?”

“अहो, राहू दे. लोक बघतायत. घरी गेल्यावर काय ते बोलू.”

शेवाळ्यांच्या खिशाला पेन होतं. मी ते मागून घेतलं आणि मधल्या भिंतीपाशी गेलो. डाव्या हातानं पुठ्ठा दाबून धरला आणि माझ्या नावावर रेघ मारली. ती वाकडी आली, पण रेघेला कोण विचारतो. नाव लिहायचं होतं ते अवघड. उजवा हात दोन वर्षांत प्रथमच इतक्या माणसांसमोर खिशाबाहेर आला होता, आणि तो नेहमीपेक्षा जास्त कापत होता.

“निकमसाहेब, हे काय करताय?” शेवाळे धावत आले. “चूक झालीय का काही? उद्या नवीन छापून घेतो.”

“आत्ताच पाहिजे,” मी म्हणालो. “फोटो माझा नाही. हिचा आहे.”

शेवाळ्यांनी आधी फोटोकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, आणि मग चटकन दुसरीकडे बघितलं. मागचं बोलणं थांबलं होतं. मी ‘कु’ काढला. ‘मु’ काढताना पेन घसरलं आणि पुठ्ठ्यावर लांब ओरखडा उठला. पाठीवर सगळ्या हॉलची नजर लागल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात पुठ्ठ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यावर दोन बोटं येऊन टेकली. पुठ्ठा हलायचा थांबला. कुमुदनं माझ्या हाताला हात लावला नाही.

“सावकाश,” ती म्हणाली. कड्यावर हाक देते तसल्या शांत आवाजात.

कुमुदिनी निकम, एवढं लिहायला मला किती वेळ लागला कुणास ठाऊक. अक्षर बघवत नव्हतं. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. कदमबाई तेवढ्या पुढं आल्या आणि कुमुदला विचारू लागल्या, की वहिनी, पक्षी वरून निघाला तेव्हा तुम्ही नेमकं कुठं बघत होतात? कुमुद क्षणभर माझ्याकडे बघून अडखळली आणि मग सांगू लागली. मी सांगितलं होतं त्यातलं तिच्या बोलण्यात काहीच नव्हतं. ती पारव्याविषयी बोलत होती. ससाण्याकडे बघायचंच नाही म्हणाली, पारवा कुठं दचकतो तिकडं लक्ष ठेवायचं. इतक्या वर्षांत हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

तिचं बोलणं संपेपर्यंत मी खुर्चीजवळ उभा राहिलो. मग ती पिशवी घ्यायला वाकली तेव्हा मी डाव्या हातानं आधी उचलली. तिच्यात भरलेला थर्मास होता आणि खाली टॉवेलात गुंडाळलेला तो जुना कॅमेरा, लेन्ससकट. वाचनालयाचा जिना उतरेपर्यंत माझ्या खांद्याला रग लागली. ही पिशवी घेऊन ती भैरवकडा चढायची.